मागल्या रांगेचें गाणें



गेल्या वर्षीं स्नेहसंमेलन आटोपल्यावर दुसऱ्याच दिवशीं एक गृहस्थ डोंबिवलीहून मुद्दाम मला भेटावयास शाळेंत आले. त्यांचा मुलगा आमच्या गायनवृंदांत आहे. ते बसले, पाणी प्याले, आणि मग सरळ म्हणाले, "सर, दोन महिने आमचा मुलगा तालमीसाठीं थांबून संध्याकाळच्या गर्दीच्या गाडीनें उशिरां घरीं येत होता. आम्हांस वाटलें, कांहीं मोठें गाणार असेल. घरचीं सगळीं माणसें पाहावयास आलों, तों हा मागल्या रांगेंत उभा राहून नुसता 'ऊं, ऊं' करीत होता. त्याचा आवाजही आम्हांस निराळा ऐकूं आला नाहीं. दोन वर्षांपूर्वीं हाच पुढें उभा राहून एकटा गात असे. त्याचें असें काय चुकलें, कीं त्यास मागें ढकललें?"

त्यांच्या बोलण्यांत राग थोडा होता. दुःख अधिक होतें. त्यांच्या मुलाचें कांहींच चुकलें नव्हतें. आठवींत असतां त्याचा आवाज फुटला, आणि ज्या गोड, उंच आवाजाबद्दल सर्वजण त्याची वाखाणणी करीत, तो एका पावसाळ्यांत नाहींसा झाला. त्यानंतर त्यानें तालमीस येणेंच सोडलें होतें. मीं त्यास बोलावून आणून मागल्या रांगेंत खर्जाच्या सुरावर उभें केलें, तें शिक्षा म्हणून नव्हे. परंतु त्या दिवशीं मीं त्याच्या वडिलांस जें उत्तर दिलें तें माझें मलाच अपुरें वाटलें. तें उत्तर पुरें करावें, आणि त्यानिमित्तानें आमच्या मुलांनीं त्या दिवशीं म्हटलेल्या गाण्याची शास्त्रीय बाजूही समजावून सांगावी, या हेतूनें हा पाठ लिहीत आहें.

आमचें तें गाणें ब्लूज या अमेरिकन गीतप्रकाराच्या बंधावर रचलेलें होतें. नांव परकें असलें तरी त्यांतील साथीची रीत आपणांस परकी नाहीं. साथीच्या गायकास मराठींत एक जुनें व सुंदर नांव आहे : झीलकरी. शाहीर डफावर थाप मारून पोवाडा म्हणूं लागतो, आणि त्याच्या मागें तुणतुणें व झांज घेऊन उभे असलेले दोघेतिघे त्याच्या ओळीचा शेवट उचलून 'जी जी' असा सूर लांबवितात. तेवढ्या अवधींत शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ मनांत जुळवितो आणि श्रोत्यांकडे एकदां पाहून घेतो. कीर्तनांत मागें उभे असलेले टाळकरी अभंगाचें धृपद उचलून धरतात. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर समोरासमोर बसत, तेव्हां एकीनें ओवी म्हणावी व दुसरीनें ती उचलावी, अशानें दळणाचा भार हलका होत असे. एकानें हांक द्यावी व इतरांनीं ओ द्यावी, हाच या सर्वांचा पाया आहे. आणि ब्लूजचा पायाही तोच आहे.

ब्लूजचा उगम अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत झाला. तेथें आफ्रिकेंतून धरून आणलेल्या लोकांच्या वंशजांकडून कापसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून काम करून घेत. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, परंतु दारिद्र्य व अपमान संपले नाहींत. शेतांत काम करतांना, रेल्वेचे रूळ बसवितांना एकजण ओळ म्हणे आणि बाकीचे घणाच्या ठोक्याबरोबर तिला उत्तर देत. या श्रमगीतांतून व देवळांतील भजनांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जें नवें गाणें निघालें, त्यास पुढें ब्लूज हें नांव पडलें. मनाची खिन्नता असा त्या शब्दाचा अर्थ आहे.

डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकारानें १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत एक आठवण लिहिली आहे. मिसिसिपी राज्यांतील टटवायलर नांवाच्या लहानशा स्टेशनावर तो उशिरां येणाऱ्या गाडीची वाट पाहत असतां, फाटक्या कपड्यांतील एक मनुष्य गिटारच्या तारांवर चाकू दाबून वाजवूं लागला, आणि जेथें दोन रेल्वेमार्ग एकमेकांस छेदतात अशा ठिकाणाविषयींची एकच ओळ त्यानें तीनदां गायिली. ज्या ठाण्यास १८५३ च्या १६ एप्रिल रोजीं हिंदुस्थानांतील पहिली प्रवासी आगगाडी आली, आणि ज्या कल्याणापासून एक फांटा कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जातो, तेथील मुलांना या गाण्याचा विषय वेगळा समजावून सांगावा लागला नाहीं.

याच परंपरेची एक वडील शाखा आपल्यासारख्या शाळेशीं जवळचें नातें सांगणारी आहे. मुक्त झालेल्या गुलामांसाठीं अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८६६ सालीं नॅशव्हिल येथें फिस्क नांवाची शाळा काढली. पांच वर्षांत ती कर्जांत बुडाली. तेव्हां १८७१ च्या ६ ऑक्टोबरला नऊ विद्यार्थी आपल्या गायनशिक्षकाबरोबर गाणीं म्हणत गांवोगांव निघाले. त्यांनीं आपल्या आईबापांचीं भक्तिगीतें चार आवाजांत बसविलीं होतीं. त्या गाण्यांवर मिळालेल्या पैशानें शाळा वांचली व तिला मोठी इमारतही झाली. पुढें फ्रेडरिक लाउडिन याच्या नेतृत्वाखालीं या नांवाचा वृंद १८८४ ते १८९० या वर्षांत जगभर फिरला, तेव्हां तो हिंदुस्थानांतही येऊन गेला. हीं गाणीं ब्लूज नव्हेत. परंतु अनेक आवाज एकत्र बांधण्याची विद्या पुढें ब्लूजला मिळाली ती मुख्यत्वें असल्या देवळांतील वृंदांकडूनच.

कारण ब्लूज हें मूळचें एकट्याचें गाणें. गाणारा ओळ म्हणे आणि त्याची गिटार उत्तर देई. १९२५ सालीं बेसी स्मिथ हिनें हँडीचें 'सेंट लुई ब्लूज' हें गीत ध्वनिमुद्रित केलें. त्यांत तिच्या प्रत्येक ओळीनंतर लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेट या तुतारीवर उत्तर देतो, आणि मागें आपल्या नाटकांतील पायपेटीसारखें भात्याचें वाद्य सूर धरून असतें. १९२९ च्या एका लघुबोलपटांत हेंच गीत तिनें हॉल जॉन्सन यांच्या वृंदाबरोबर गायिलें. तेथें तुतारीची जागा माणसांच्या आवाजांनीं घेतली. १९५९ सालीं रे चार्ल्स या अंध गायकाच्या एका गाण्यांत 'रेलेट्स' नांवाच्या स्त्रियांचा ताफा त्याच्या प्रत्येक हांकेस ओ देतो. तें गाणेंही ब्लूजच्याच बंधांत बसविलेलें आहे.

आपल्याकडे हा वारा मुंबईमार्गें आला. १९३५ सालीं लिऑन ॲबी याचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. त्या वादकांचें संगीत प्रथम आत्मसात केलें तें मुख्यत्वें गोमंतकीय वादकांनीं. गोव्यांतील देवळांच्या शाळांतून त्यांस स्वरलेखन व व्हायोलिन लहानपणींच शिकवीत. शिवाय त्यांच्या घरींदारीं मांडो हा गीतप्रकार दोन आवाजांत म्हणत. एक आवाज चालीवर, दुसरा तिच्यापासून दोन स्वरांच्या अंतरावर. चिक चॉकलेट या नांवानें गाजलेले अंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकींच. पुढें सेबास्टियन डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटगीतांत मुख्य चालीबरोबर वाद्यांवर दुसरी चाल चालविली. म्हणजे रेडिओवर जुनीं गाणीं ऐकतांना हा दुसरा आवाज तुमच्या कानांवरून कितीतरी वेळां गेलेला आहे. तो निराळा म्हणून ओळखावयाचा मात्र राहिला आहे.

आतां मुख्य पाठाकडे वळूं.

प्रथम भेद ध्यानांत घ्या. आपला झीलकरी मुख्य गायकाचाच सूर उचलतो. फार तर एक सप्तक वर किंवा खालीं. ब्लूजमधील वृंद एकाच वेळीं निरनिराळे सूर धरतो. त्यामुळें आपल्या मुलांस पहिली अडचण येते ती अशी, कीं शेजारचा जो सूर लावील त्याकडे आपला सूर ओढला जातो. यांत कान वाईट असल्याचें लक्षण नाहीं. एकसुरांत मिसळून जाण्याची चांगली संवय त्या कानास आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिच्यावर दुसरी संवय चढवावयाची आहे.

बंध असा. चार मात्रांचा एक विभाग, आणि असे बारा विभाग मिळून एक आवर्तन. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, त्रितालाचीं तीन आवर्तनें. प्रत्येक त्रितालाएवढ्या अवधींत एक ओळ येते. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत गोष्ट पुरी करावयाची. आमच्या मुलांनीं केलेली ओळ पाहा :

गाडी माझी चुकली, आई, उभा मी फलाटावरी;
गाडी माझी चुकली, आई, उभा मी फलाटावरी;
पाऊस आला तिरपा, आणि छत्री राहिली घरीं!

ओळ दोनदां कां म्हणतात? एक तर तिसरी ओळ जुळवावयास गाणाऱ्यास वेळ मिळतो. आणि दुसरें, ऐकणाऱ्याची उत्कंठा वाढते. प्रत्येक ओळीचे शब्द साधारणपणें पहिल्या दोन विभागांत संपतात. उरलेले दोन विभाग रिकामे असतात, आणि तीच झीलकऱ्याची जागा. शब्द चालू असतां वृंदानें मंद आवाजांत सूर धरावा. शब्द संपले कीं उत्तर द्यावें. आमचीं मुलें तेथें 'गेली, गेली गं' असें म्हणत.

ताल धरतांना टाळी पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर न देतां दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर द्यावी. समेवर टाळी देण्याची आपली संवय इतकी पक्की आहे, कीं याच एका गोष्टीस आम्हांस आठवडा लागला. प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग कल्पून पहिले दोन जोडावेत. म्हणजे दादऱ्याच्या चालीसारखा जो झोका येतो, तोच येथें हवा.

आतां स्वर. बारा विभागांखालीं तीन आधारस्वर येतात. पहिल्या चार विभागांत सा, पांचव्या व सहाव्यांत म, सातव्या व आठव्यांत पुन्हां सा, नवव्यांत प, दहाव्यांत म, अकराव्या व बाराव्यांत सा. हा खर्जाचा आवाज. आवाज फुटून स्थिर झालेल्या मुलांनीं तो घ्यावा.

त्याच्यावर दोन आवाज बसवावयाचे. सा चालू असतां पहिला आवाज शुद्ध ग धरील व दुसरा कोमल नी. पेटीवर हे सूर दाबून पाहा. खर्ज म वर गेला, कीं दोघांनींही फक्त अर्धा स्वर खालीं उतरावयाचें : शुद्ध ग चा कोमल ग होतो, आणि कोमल नी चा शुद्ध ध होतो. खर्ज सा वर परतला, कीं दोघांनीं पुन्हां स्वस्थानीं यावें. खर्ज प वर गेला, कीं दोघांनीं अर्धा स्वर वर चढावें : शुद्ध ग चा शुद्ध म, आणि कोमल नी चा शुद्ध नी. एवढेंच. सबंध गाण्यांत जरा अवघड जागा एकच आहे. नवव्या विभागांतून दहाव्यांत जातांना दोघांस पूर्ण एक स्वर खालीं यावें लागतें. तेथें बहुतेकजण चुकतात. तो टप्पा वेगळा काढून वीस वेळां घटवावा.

येथें एक चमत्कार दिसेल. खर्जाचा सूर बंद करून नुसते ग आणि कोमल नी एकत्र लावा. ती जोडी कानास खुपते. ती कोठून आली व कोठें जाणार, कांहीं कळत नाहीं. खालीं सा लागला कीं त्याच क्षणीं तिला अर्थ येतो. वरचे दोन आवाज स्वतः गोड असून उपयोग नाहीं. त्यांस अर्थ देणारा खालीं असतो.

मुख्य गायक मात्र या तिघांसारखा एका जागीं बांधलेला नाहीं. तो कोमल ग व शुद्ध ग यांच्या मधल्या सुरावर घसरतो, लटकतो, झोके घेतो. दरबारी कानड्यांतील आंदोलित गंधार ज्यानें ऐकला आहे, त्यास ही गोष्ट नवी नाहीं. हा मधला सूर पेटीवर सांपडत नाहीं. साथ करणाऱ्यांनीं तेथें त्याची नक्कल करूं नये. आपला शुद्ध ग स्थिर ठेवावा. दोहोंचें जें किंचित् घर्षण होतें, त्यांतच ब्लूजचें दुःख आहे.

घरीं अभ्यास करणाऱ्यांसाठीं क्रम असा. पहिला आठवडा तानपुऱ्याबरोबर केवळ सा लावून धरणें. दुसऱ्यानें भोंवतीं कोणतीही चाल म्हणावी, आपण हलूं नये. दुसरा आठवडा हांक व ओ : एकानें ओळ म्हणावी, इतरांनीं रिकाम्या जागीं उत्तर द्यावें, सूर सर्वांचा एकच. तिसरा आठवडा आपल्या आवाजाचा अर्धा स्वर खालीं, अर्धा स्वर वर, हा रस्ता पाठ करणें. तोही प्रथम पेटीसह, मग पेटीशिवाय. चौथ्या आठवड्यांत तिन्ही आवाज एकत्र करावेत. आधीं दोन दोन, मग तिन्ही. मुख्य गायकास सर्वांत शेवटीं बोलवावें.

कांहीं दोष वारंवार दिसतात, तेही सांगतों. शेजाऱ्याचा सूर ऐकूं येऊं नये म्हणून कानांत बोटें घालणें हा उपाय नव्हे. ज्यास दुसऱ्याचा ऐकूं येत नाहीं, त्याचा स्वतःचाही लवकरच ढळतो. सर्वांनीं एकाच वेळीं श्वास घेऊं नये, नाहींतर सूर तुटतो. शेजाऱ्यानें घेतला म्हणजे आपण थांबावें, त्याचा झाला म्हणजे आपण घ्यावा. 'ऊ' म्हणतांना सर्वांच्या ओठांचा आकार सारखा असावा. एकानें 'ओ' व दुसऱ्यानें 'ऊ' म्हटल्यास शुद्ध सूरही बेसूर भासतो. आणि मुख्य गायकाचे शब्द ज्यास ऐकूं येत नाहींत, तो जरुरीपेक्षां मोठ्यानें गात आहे, हें निश्चित समजावें.

आतां त्या गृहस्थांविषयीं. मीं त्यांस एका शनिवारीं तालमीस बोलाविलें. ते वर्गांत मागें बांकावर बसले. मुलांनीं एक आवर्तन म्हटलें. दुसऱ्या आवर्तनाच्या वेळीं मीं खर्जाच्या चार मुलांस हातानें थांबविलें. पुढें गाणारी मुलगी चांगली कसलेली आहे. तरी दुसऱ्या ओळीस तिचा सूर डगमगला, वरचे दोन आवाज एकमेकांकडे पाहूं लागले, आणि पांचव्या विभागांत कोणी खालीं उतरलें, कोणी उतरलेंच नाहीं. सगळे हंसले. मीं पुन्हां खूण केली. चौघांनीं खालून सा लाविला, आणि विस्कटलेली मंडळी आपापल्या जागीं परतली. त्या चौघांत त्या गृहस्थांचा मुलगा होता. त्याचा आवाज निराळा असा अजूनही ऐकूं येत नव्हता. परंतु तो नसतांना काय होतें, तें त्याच्या वडिलांनीं नुकतेंच ऐकलें होतें.

ते कांहीं बोलले नाहींत. मुलाचें दप्तर त्यांनीं स्वतःच्या हातांत घेतलें. दारांतून वळून मात्र म्हणाले, "सर, पुढल्या वर्षीं तो कोणत्या बाजूस उभा राहणार, तें आधीं कळवा. आम्ही त्या बाजूस बसूं."

पालकहो, मुलगा पुढें उभा आहे कीं मागें, हें अवश्य पाहा. परंतु तेवढेंच पाहून परत जाऊं नका. एकदां डोळे मिटून खालचा सूर शोधा. आणि मुलांनो, ज्यांचा आवाज या वर्षीं फुटला, त्यांनीं गप्प बसूं नये. पूर्वींचा सूर परत येणार नाहीं, हें खरें आहे. नवा कोठें लागतो तें पाहावयास शनिवारीं सकाळीं गायनाच्या वर्गांत या.